चुळीचं पाणी

दातांच्या दवाखान्यात मी झाडलोट करतो. खिडकीतलं निवडुंग माझं. नऊ वर्षांत त्याला पहिल्यांदा कळ्या आल्या, त्याही सात. फूल एकच दिवस टिकतं. मला तो दिवस बघायचा होता.

नेमकं तेव्हाच लेकीच्या बाळंतपणाला जावं लागलं. निघताना फोन घेणाऱ्या ताईंना बजावलं, "थंडीत कोरडं ठेवलं, पण आता कळ्या धरल्यात, आता पाणी लागतं. माती पार सुकली की एक पेला, बुंध्याशी. कळ्यांवर थेंब नको. कुंडी फिरवायची नाही."

"मामा, झाड आहे की जावई?" त्या हसल्या.

बारा दिवसांनी परतलो. दार उघडताच वास आला, ओलं पोतेरं कोंडून ठेवल्यासारखा. कुंडीत चिखल, त्यावर गुलाबी साय, साईवर चिलटं. बोट घातलं तर मऊ काहीतरी लागलं. पावाचा चघळलेला घास.

"ताई, हे काय घातलंत?"

"पाणीच की! पेशंट चूळ भरतात, पेल्यात अर्धं उरतं. वाया कशाला घालवायचं? तुम्हीच म्हणालात ना, आता लागतं."

"यात थुंकी आहे."

"एखादा थुंकतो पेल्यात. झाडाला काय कळतंय?"

मला ताईंच्या हातचा चहा आठवला. नऊ वर्षं पीत आलो होतो.

बुंधा दाबला तर पिकल्या गळवासारखा पिचकला. तपकिरी पाणी मनगटावर ओघळलं. डॉक्टर डोकावले, नाकाला रुमाल लावून म्हणाले, "मामा, मुळापासून किडलंय. काढून टाका."

मी सुरी घेतली. चकती कापायची, सुरी पुसायची, परत कापायचं. प्रत्येक चकतीत तपकिरी कडं. शेवटी स्वच्छ हिरवा गर लागला तेव्हा वीतभर शेंडा उरला होता. सातही कळ्या त्याच्यावरच, टपोऱ्या, दोन-तीन दिवसांत उमलतील अशा.

पण ही जखम सुकायला पंधरा दिवस थेंबभरही पाणी द्यायचं नसतं. मुळं नाहीत, पाणी नाही, अशात कळ्या उरलासुरला रस ओढून घेतात.

"अय्या, फुलं येतीलच की आता!" ताई मागून म्हणाल्या.

मी नख लावून एकेक कळी खुडली. सातवी जरा जोर लावून निघाली. शेंडा कोऱ्या कागदात गुंडाळून पिशवीत ठेवला आणि हात घासायला गेलो. तीनदा साबण लावला.

ताईंनी चहा आणून ठेवला होता. मी तो मोरीत ओतला, त्यांच्या देखत.