लतीफची सोय

"लतीफभाई, टिचक्या काय मारून राहिले? घागर हाय, टरबूज न्हाई," सोजराबाई म्हणाली.

रांगेतल्या बाया हसल्या. लतीफ हसला नाही. गळक्या घागरीत पाणी द्यायचं नाही असा नियम होता, म्हणून प्रत्येक मातीची घागर वाजवून मगच तो तोटीखाली घेई. टँकर हिंगोलीहून दिवसाआड येऊन हौदात पाणी ओते. हौदाच्या तोटीची किल्ली लतीफच्या कमरेला असे. त्र्याहत्तरच्या दुष्काळातल्या त्या चैत्रात पुसेगावच्या बाजूला देवापेक्षा किल्लीला जास्त नमस्कार मिळत.

हौदावर पाटी होती. ज्याची पाण्याची सोय नाही त्याच घराला वाटपदाराने दोन घागरी द्याव्यात. ज्याची सोय आहे त्याला थेंबही देऊ नये. खाली बारीक अक्षरांत अपवाद होता: मयत झालेल्या घरास, सोय असो वा नसो, दोन घागरी.

आधीचा वाटपदार भिवाजी. त्यानं एक घागर स्वतःच्या घरी नेली. कचेरीनं त्याला काढलं आणि गावाचा टँकर आठ दिवस बंद ठेवला. त्या आठ दिवसांत सात बैल आणि दोन म्हाताऱ्या गेल्या. गाव अजून भिवाजीशी बोलत नव्हतं.

म्हणून लतीफ हौदातला थेंबही घरी नेत नसे; त्याची बायको चाँदबी ओढ्याच्या वाळूत खणलेल्या झिऱ्याचं पाणी आणी. या आठवड्यात झिऱ्यात चिखलच उरला. तोच फडक्यानं गाळून ती प्याली आणि परवापासून तिला हगवण-उलटी लागली. कंपाउंडर म्हणाला, मीठ-साखरेचं पाणी पाजा, घागरभर पाजा. मीठ होतं. साखरही निघाली.

लतीफनं सायकल काढली आणि हिंगोलीची कचेरी गाठली. कारकून पुनमचंदनं सगळं ऐकून घेतलं.

"तुझी सोय आहे का?"

"न्हाई, साहेब."

"मग वाटपदारानं तुला द्यायलाच पाहिजे."

"वाटपदार मीच हाय."

"मग तू स्वतःला पाणी दिलंस की तुझी सोय झाली. सोय असलेल्याला थेंब नाही."

"मग न्हाई घेत."

"मग तुझी सोय नाही. सोय नसलेल्याला पाणी दिलं नाही, म्हणून कारवाई."

"साहेब, घेऊ का नको?"

पुनमचंद वाईट माणूस नव्हता. त्यानं खरोखर विचार केला. "सोय नसल्याचा दाखला आण. दाखला वाटपदार देतो."

लतीफनं तिथंच लिहून दिलं: लतीफ यांची सोय नाही. सही, लतीफ.

"आपला दाखला आपणच द्यायचा नसतो रे. वर लिहून विचारतो. पंधरा दिवस धर."

निघताना त्यानं माठातलं गार पाणी पुढं केलं. लतीफनं ते बाटलीत मागितलं. कचेरीत बाटली नव्हती.

घरी सोजराबाई चाँदबीच्या उशाशी बसली होती. "आमी चौघीनं तांब्या तांब्या देल्लं. पोटात ठरून न्हाई राहिलं. खोला ना तोटी. कोनी बोलनार न्हाई."

"भिवाजीच्या टायमाला बी कोनी बोलनार नव्हतं."

"मरून राहिली ती, लतीफभाई."

"आन टँकर बंद झाला तर तुझं लेकरू?"

लतीफ हौदावर गेला, कुलपात किल्ली घातली, काढली, परत आला. असं तीनदा.

दुसऱ्या दिवशी दुपारी, जोहरच्या बांगेआधी चाँदबी गेली.

मयताला आंघोळ घालायची होती. बायांनी लतीफच्या दोन घागरी रांगेत सगळ्यांत पुढं ठेवल्या. त्यानं त्या उचलून मागं नेल्या आणि इतरांना पाणी देत राहिला. बाया पटापट घागरी भरून बाजूला झाल्या. कोणी गेलं नाही.

त्याचा नंबर आला. त्यानं पहिली घागर वाजवली, भरली. दुसरी वाजवली. आवाज बद्द आला. त्यानं ती बाजूला ठेवली.

सोजराबाईनं आपली भरलेली घागर बादलीत रिकामी करून तोटीखाली सरकवली.

लतीफनं तीही वाजवून पाहिली.