एक घंटी म्हणजे थांबा

मी एक जुनी घंटी आहे. देवळातली नव्हे, शाळेतलीही नव्हे. मी एस.टी.ची घंटी. पालथी घातलेली वाटी असावी तसं माझं अंग, आत बोटाएवढा टोला आणि त्या टोल्याला बांधलेली दोरी. मित्रांनो, मला दोनच गोष्टी बोलता येतात. एकदा वाजले तर थांबा. दोनदा वाजले तर चला. गोष्ट सांगतानाही मी तसंच करणार आहे. मध्येच एक टिंग आली, की वाचणं सोडून जरा थांबा. कंटाळा येईल. येऊ द्या.

टिंग टिंग.

माझा जन्म कुठे झाला ते मला आठवत नाही. डोळे उघडले तेव्हा मी ड्रायव्हरच्या डोक्यामागे होते आणि माझी दोरी छतालगतच्या कड्यांमधून थेट मागच्या दारापर्यंत गेली होती. गाडी चिपळूण ते गुहागर. खाली नारळांची पोती, सुक्या मासळीच्या पाट्या, दप्तरं, कोंबड्या आणि त्या सगळ्यांतून वाट काढणारा कंडक्टर श्रीपती.

श्रीपतीची एक रीत होती. शेवटच्या उतारूचा शेवटचा पाय जमिनीला लागल्याशिवाय तो डबल बेल देत नसे. म्हातारी माणसं हळू उतरत. आधी बोचकं खाली जाई, मग काठी, मग एक पाय. आतून कुणीतरी ओरडे, "ओ कंडक्टर, द्या की डबल! वस्तीला राहताय काय?"

श्रीपती मागे न बघता म्हणे, "तुमची आजी उतरतेय असं समजा. आता सांगा, देऊ?"

गाडी हसत असे. ड्रायव्हर म्हणे, "श्रीपती, तुझ्या हातची बेल मी झोपेतसुद्धा ओळखीन." ते माझे मानाचे दिवस होते.

मग नव्या गाड्या आल्या. माझी गाडी रत्नागिरीला भंगारात गेली आणि पत्र्यांच्या ढिगाखाली मी गंजत पडले. टोला होता, वाटी होती, पण दोरी ओढायला कुणी नव्हतं. मित्रांनो, घंटीला स्वतःहून वाजता येत नाही. आवाज माझा असतो, पण तो दुसऱ्याच्या हातात असतो. हे लक्षात ठेवा, कारण पुढे मला फार वेळा

टिंग.

टिंग टिंग.

एका दुपारी भंगारवाल्याशी हुज्जत घालून श्रीपतीने मला सोडवलं आणि डब्याच्या पिशवीत घालून घरी नेलं. कशासाठी, ते मला घरी गेल्यावर कळलं.

त्याच्या घरी राही होती. श्रीपतीची धाकटी मुलगी. गोल चेहरा, बारीक डोळे, हसली की डोळे मिटूनच जात. तिला डाऊन सिंड्रोम होता. तिला सगळं ऐकू येई आणि आपण समजतो त्याहून पुष्कळ कळे, पण विचारलेल्याचं उत्तर तिच्या जिभेपर्यंत यायला वेळ लागे. आणि तेवढा वेळ घरात कुणाकडेच नव्हता. पाहुणे विचारत, "नाव काय गं बाळ तुझं?" राही तोंड उघडेपर्यंत आई कुसुम सांगून मोकळी होई.

अशा मुलांना शिकवणाऱ्या एका बाईंकडे श्रीपती तिला घेऊन गेला होता. बाई म्हणाल्या, "तिच्याशी लहान वाक्यात बोला. एका वेळी एकच गोष्ट सांगा. वस्तू हातात घेऊन दाखवा. आणि मुख्य म्हणजे विचारल्यावर थांबा. ती उत्तर शोधत असते आणि तेवढ्यात तुम्ही दुसरा प्रश्न टाकता. मग पहिलाही सांडतो."

"म्हणजे उतारू पायरीवर असताना डबल बेल दिल्यासारखं," श्रीपती म्हणाला.

बाई हसल्या. श्रीपती हसला नाही. तो मला शोधायला निघाला.

त्याने मला मधल्या खोलीत वाशाला ठोकलं. माझी दोरी राहीच्या हाताला लागेल एवढी खाली सोडली आणि घरातल्यांना बजावलं, "आजपासून ह्या घराची कंडक्टर राही. तिला काही विचारलं आणि तिने एक बेल दिली, की सगळ्यांनी गप्प बसायचं. ती डबल देईल तेव्हाच गाडी हलणार."

त्या संध्याकाळी पानं मांडली होती. श्रीपतीने एका हातात भाताचं भांडं धरलं, दुसऱ्या हातात भाकरी. "राही. भात की भाकरी?"

राहीने दोरी ओढली.

टिंग.

"बाबा, भूक लागलीय," तिचा मोठा भाऊ निलेश कुरकुरला. तेव्हा तो शाळेत होता. "तिला भाकरीच द्या ना. रोज खाते की."

"बेल झालीय. गाडी हलणार नाही."

"गाडी कुठाय? घर आहे हे!"

"मग उतर आणि चालत जा."

निलेश फिस्सकन हसला आणि गप्प बसला. आमटीवरची वाफ विरली. राहीचे ओठ हलले, थांबले, परत हलले.

"भात."

टिंग टिंग.

कुसुमने पदर तोंडाला लावला. "इतकी वर्षं मी हिला भाकरी वाढत आले," एवढंच ती म्हणाली.

मित्रांनो, माझं खरं आयुष्य त्या भातापासून सुरू झालं. आंघोळ म्हणताना टॉवेल दाखवायचा, बाजार म्हणताना पिशवी, हे त्या घरात सवयीचं झालं. शेजारच्या गंगुबाईनेही ते उचललं. उन्हाळ्यात ती आणि राही अंगणात बसून रातांबे फोडत. राही बिया काढी, गंगुबाई सालं वाळत घाली, त्यांची आमसुलं होत. गंगुबाईकडे घंटी नव्हती. ती काही विचारायची आणि रातांबे फोडत राहायची. हातातली पाटी संपायची तेव्हा उत्तर आलेलं असायचं.

कुसुम आजारात गेली. निलेश मुंबईला नोकरीला लागला, त्याचं लग्न झालं. श्रीपती निवृत्त झाला. राही मोठी झाली, बाई झाली. दोरी दोनदा बदलली. मी तीच होते.

टिंग.

मला इथून पुढचं सांगायचं नाहीये. पण दोरी माझ्या हातात नसते.

टिंग टिंग.

यंदा शिमगा उरकून मुंबईकर परतले आणि त्याच आठवड्यात श्रीपती बसल्या जागी गेला.

घर माणसांनी भरलं. जो तो राहीला सांगू लागला, "बाबा देवाघरी गेले हो." "बाबा लांब गेले, राजा." राहीने ते ऐकलं आणि खुंटीवरची बाजाराची पिशवी काढून उंबऱ्यावर जाऊन बसली. बाबा गेले, म्हणजे बाबा येणार. ते रोजच जात आणि रोज येत. पुष्कळ वेळ ती तशीच बसून राहिली. बायका म्हणाल्या, "बरं आहे एका परीने, तिला कळत नाही."

मी वाजले नाही. मला वाजता येत नाही.

शेवटी गंगुबाई आली. तिने श्रीपतीच्या चपला उचलून राहीपुढे ठेवल्या आणि तिचा हात धरला. "राही. बाबा मेला. आता ह्या चपला तो घालणार नाय. तो येणार नाय, बाय माझे."

बायकांनी 'शिव शिव' केलं. राही उठली. माझ्याखाली आली.

टिंग.

गंगुबाईने हात वर केला आणि सगळं घर गप्प झालं. बाहेर कावळा ओरडत होता. राही चपलांकडे बघत उभी राहिली. मग तिने पिशवी परत खुंटीला अडकवली, चपला छातीशी धरल्या आणि मोठ्याने रडली. रडून झाल्यावर तिने दोरी ओढली.

टिंग टिंग.

दिवसकार्याला पाहुण्यांची पोरं आली. दोरी दिसल्यावर पोरं गप्प बसतात होय? दिवसभर टिंग टिंग टिंग टिंग. त्या वाजण्याला काही अर्थ नव्हता आणि मला ते थांबवता येत नव्हतं. निलेशचं डोकं दुखत होतं. त्याने स्टुलावर चढून माझी दोरी गुंडाळली आणि वाशावर खोचून दिली. त्याच्या मनात वाईट नव्हतं. दोन दिवसांनी खाली सोडू, म्हणाला. राहिलं.

गंगुबाईने निलेशजवळ विषय काढला. "राहीला राहू दे माझ्याकडे. रातांब्याचे दिवस येतायत. मला पण घरात माणूस होईल."

"मावशी, भाऊ असून शेजारी टाकली म्हणतील लोक," निलेश म्हणाला. मग राहीकडे बघून म्हणाला, "पण मी जबरदस्ती नाही करणार. तिलाच विचारतो. ती म्हणेल तसं."

मला वाटलं, श्रीपतीचा मुलगा आहे.

निघायच्या दिवशी त्याने विचारलं. गाडीवाला दारात हॉर्न देत होता, गंगुबाई खाली विहिरीवर गेली होती. निलेश राहीसमोर बसला. "राही. तू इथं गंगूमावशीकडे राहणार, की आमच्याकडे येणार?"

प्रश्न बरोबर होता. लहान होता. राहीने ऐकला. तिचा उजवा हात वर गेला, जिथे माझी दोरी असायची तिथे. पंजा उघडा. दोरी नव्हती.

आणि निलेशची बायको तेजस्वी, मनाने चांगली, पण गप्प राहिलं की जीव घाबरा होणारी, पुढे झाली. "येणार ना गं आमच्याकडे? सानवी वाट बघतेय आत्याची, समुद्रावर जाऊ, तुला नवीन ड्रेस घेऊ, हो ना?" आणि तो वर गेलेला पंजा बघून तिने त्यावर आपला पंजा मारला. "टाळी! दिली बघा टाळी! ठरलं!"

राहीला टाळी आवडते. ती हसली. तिचे डोळे मिटले.

निलेशने एकदा वर पाहिलं, माझ्याकडे. त्याला काहीतरी आठवत होतं. बाहेर हॉर्न वाजला. तो उठला.

मित्रांनो, मी लोखंडाची आहे. माझ्यात टोला आहे. तो टोला माझ्या अंगापासून केसभर लांब होता. मी

गंगुबाई धापा टाकत आली. "विचारलंस तिला?"

"विचारलं, मावशी. टाळी दिली तिने."

"टाळी?" तिने वर पाहिलं. "दोरी कुटं हाय?"

"मावशी, घाट ओलांडायचाय, उशीर होईल."

शेजारीण किती बोलणार? गंगुबाई पाटीभर आमसुलं आणायला घरी गेली.

सामान बाहेर गेलं, माणसं बाहेर गेली. राही उंबऱ्यावर बसून सँडलचा पट्टा लावत होती. तिला ते सावकाश जमतं. एक पट्टा लागला. मग तिने मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि रिकाम्या खोलीत तिचं उत्तर आलं.

"हितं. गंगूशी."

स्पष्ट. इतकं स्पष्ट ती क्वचित बोलते.

"राही, चल गं!" बाहेरून हाक आली. तिने दुसरा पट्टा तसाच सोडला आणि गेली. दाराला कुलूप लागलं. हे उत्तर फक्त मी ऐकलंय, आणि मी कुणाला सांगू शकत नाही.

टिंग.

टिंग टिंग.

किल्ली गंगुबाईकडे आहे. ती दिवा लावायला येते. पहिल्याच दिवशी तिने आकडीने माझी दोरी वाशावरून सोडवून खाली घेतली. ओढली नाही. नुसती हातात धरून उभी राहिली.

काल ती दिवा लावत असताना फोन वाजला. मुंबईहून, चित्र दिसणारा. गंगुबाईने फोन उंच धरला तशी मला राही दिसली. ती बारीक झाली आहे. तेजस्वीचा आवाज येत होता, "बघा मावशी, काही बोलतच नाही हल्ली. विचारलं तरी नुसती टाळी मागते. दिली की हात झटकते. काय हवंय तेच कळत नाही."

आणि राहीने हात वर केला. उघडा पंजा.

गंगुबाईने दोरी ओढली.

टिंग.

"अगं, परत टाळी," तेजस्वी म्हणाली.

"टाळी नाहीये ती." हा निलेश. "गप्प राहा. बेल झालीय. सगळ्यांनी गप्प राहा."

तिकडे शांत झालं. इकडेही. राहीचे ओठ हलले, थांबले, परत हलले. तोंड अर्धं उघडलं.

आणि चित्र तसंच राहिलं. आमच्या गावात फोनची रेंज अशीच मध्येच जाते. गंगुबाई फोन घेऊन अंगणात गेली, कडेच्या दगडी गडग्यावर चढली, परत आली. अर्ध्या उघड्या तोंडाची राही तशीच होती. मग तीही गेली.

मित्रांनो, मी एक गंजकी घंटी. तुम्हाला शिकवायला मी कोण? पण तुमच्या घरात, वर्गात, गल्लीत एखादी राही असेल. तिच्याशी थोडं आणि सोपं बोला. खरं बोला. तिच्याबद्दल तिच्यासमोर दुसऱ्याला विचारू नका. आणि तिला काही विचारलंत, तर तिचा शेवटचा शब्द पायरीवरून उतरेपर्यंत गाडी हलवू नका. माझ्यासारखी घंटी तुमच्याकडे नसेल. नसू दे. गप्प बसायला दोरी लागत नाही.

निलेशचा फोन अजून आलेला नाही. गंगुबाई दोरीखाली पाट टाकून बसली आहे, फोन मांडीवर. मी एकदाच वाजले आहे. दुसऱ्यांदा वाजवायचा हक्क राहीचा आहे, म्हणून ही गोष्ट मला पुढे नेता येत नाही.

टिंग.