चौसष्ट जणांचे पहाटेचे चार

अनुपमाने पीएचडीचा प्रबंध जमा केला, तोही मुदत संपायला चाळीस मिनिटं बाकी असताना. हे वाक्य चुकून आधी पडलं. वाचकांनी ते वाचलंच नाही असं धरून चालावं. प्रबंध जमा झालेला नाही, होण्याचं लक्षणही नाही, आणि अनुपमा मोताळ्यातल्या आपल्या घरी बसून हिरव्या पेनने वेळापत्रक आखते आहे.

हे तिचं एकतिसावं वेळापत्रक. तिसावं चांगलं होतं, पण त्यात वेळापत्रक आखण्यासाठी वेळच ठेवलेला नव्हता.

तिचा विषय होता 'मोताळा तालुक्यातील भाजीपाला उत्पादकांचे वेळेचे नियोजन'. सहा वर्षांपूर्वी तिने चौसष्ट जणांकडून प्रश्नावल्या भरून घेतल्या, प्रत्येकाला क्रमांक दिला आणि निष्कर्ष कळवीन असा शब्द दिला. मग फक्त शेवटचं प्रकरण राहिलं. ते पाच वर्षं राहिलं. आता विद्यापीठाचं पत्र आलं होतं: बारा दिवसांत प्रबंध जमा करा, नाहीतर नोंदणी रद्द.

या धक्क्यातून सावरायला ती बाजारात भेंडी आणायला गेली. तिथे विमलबाई, म्हणजे उत्तरदाता क्रमांक सतरा, तराजू घेऊन बसल्या होत्या.

"काऊन व अनुपमा, लागला काय आमचा निकाल?"

"नाही ना मावशी. शेवटचं प्रकरण राह्यलं."

"मांगच्या साली बी तेच राह्यलं होतं. भेंडी दोन दिस जास्त ठेवली त निबर होते. तुह्या भेंडीचा त आता दोरखंड झाला असन."

शेजारी कोथिंबिरीच्या जुड्या लावून रंगराव बसले होते. ते क्रमांक एक. तो मिळाल्यापासून ते ओळख करून देताना आधी क्रमांक सांगत, मग नाव. प्रश्नावलीची प्रत त्यांनी सहा वर्षं प्लॅस्टिकच्या पिशवीत जपली होती. ती काढून त्यांनी चष्मा लावला.

"प्रश्न नववा. ठरवलेले काम वेळेत न झाल्यास आपण काय करता? सांग."

अनुपमा प्रामाणिक होती. "नवीन वेळापत्रक बनवते."

कोथिंबीर निवडणाऱ्या दोन बायकांनी जुड्या खाली ठेवल्या.

"म्हंजे वखराले रंग देऊन राह्यली तू," रंगराव म्हणाले. "वावर वखरून नाही राह्यली."

तिथल्या तिथे ठरलं. रोज पाच जणांनी येऊन एकेक तास अनुपमासमोर बसून ती लिहिते का ते बघायचं. बारा दिवसांत साठ होतात. उरलेले चार अडीनडीला राखीव. हे नियोजन रंगरावांनी दोन मिनिटांत केलं. अनुपमाने मनातल्या मनात त्याची नोंद घेतली आणि तिला फार वाईट वाटलं.

पहिल्या तासाला विमलबाई गवारीची टोपली घेऊन आल्या. अनुपमाने एक वाक्य लिहून मोठ्याने वाचलं, "उत्पादक सरासरी पहाटे चार वाजता उठतात, असे दिसून येते."

"कोनाले दिसून राह्यलं?" विमलबाईंनी गवार मोडता मोडता विचारलं.

"तुम्हीच सांगतलं होतं मावशी. चार म्हणून."

"तवा सून बाजूले उभी होती ना व!" त्यांनी दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "साडेसहा."

अनुपमाच्या हातून हिरवं पेन पडलं. तिचा अख्खा प्रबंध पहाटे चारवर उभा होता.

"आता काय करू मावशी? बारा दिवस अन् आकडेच खोटे!"

"मंग खरे घे. सारे येऊनच राह्यले न घरी."

सारे आले आणि ओळीने कबूल झाले. क्रमांक तेवीस पावणेसातला उठणारे निघाले. क्रमांक चाळीस तर उठतच नव्हते, त्यांना उठवलं जात होतं. रंगरावांनी आधी दार लावून घेतलं, मग खिडकी.

"आठ," ते म्हणाले. "पयल्या नंबरले काही सूट?"

"नाही काका."

समोर कुणीतरी भाजी निवडत बसलं की बत्तिसावं वेळापत्रक आखता येत नाही. तिने एकदाच प्रयत्न केला. क्रमांक एकतीस असलेल्या मंजुश्रीने हिरवं पेन शांतपणे घेतलं, अंबाड्यात खोचलं आणि घरी नेलं. मागच्या प्रकरणांतले आकडे दुरुस्त झाले, शेवटचं प्रकरण निळ्या शाईत, टोपल्या टोपल्यांनी वाढत गेलं आणि निष्कर्षाला येऊन थांबलं: 'उत्पादक वेळेचे नियोजन करीत नाहीत, माल काढायला आला की उठतात. उठण्याची सांगितलेली वेळ, कोण ऐकत आहे त्यानुसार, दोन ते चार तासांनी बदलते.'

आता पहिलं वाक्य वाचायला हरकत नाही. चाळीस मिनिटं बाकी होती. विद्यापीठाच्या खिडकीवर अनुपमाच्या मागे विमलबाई, रंगराव आणि काम न मिळाल्याने रुसलेले राखीव चौघे उभे होते. शिक्का उमटला, तशी विमलबाईंनी पोचपावती दोनदा वाचून घेतली, आणि रंगरावांनी अनोळखी शिपायाला मिठी मारून सांगितलं, "क्रमांक एक!"

परतीच्या एसटीत सगळे इतके हसत होते की कंडक्टरने दोनदा तिकिटं तपासली. मग विमलबाईंनी सहज विचारलं, "हा ग्रंथ कोनी बी वाचू शकते?"

"हाव. लायब्ररीत राहते."

"आमची पूनम बी?"

पूनम म्हणजे सून. बी.ए. झालेली, आणि हाती लागेल ते वाचणारी. रंगरावांनी एसटीची खिडकी लावून घेतली. दुसऱ्या दिवशी विद्यापीठाला अर्ज गेला:

'प्रति, मा. कुलसचिव. विषय: पहाटेबाबत. महोदय, आम्ही खाली सही करणारे चौसष्ट उत्तरदाते विनंती करतो की, सदर प्रबंधाची एक स्वतंत्र प्रत आमची उठण्याची वेळ पहाटे चार ठेवून छापण्यात यावी, गोल शिक्क्यासह मोताळ्यास पाठवण्यात यावी, आणि कोणत्याही सुनेने चौकशी केल्यास तीच प्रत अधिकृत असल्याचे तिला लेखी कळवण्यात यावे.'