भासऱ्यापुढची साक्ष

आमच्या दर्यापूरकडच्या गावात न्यायपंच नेमायचे ठरले, तेव्हा तहसीलदार चावडीवर केशवरावांना काय काय विचारत होते ते मी दाराशी उभी राहून ऐकले. वय किती? जमीन किती? लिहिता-वाचता येते? कधी शिक्षा झाली आहे? केशवराव सगळ्या अटींत बसले. माणूस सरळ होता, हे मी आजही म्हणेन.

पहिलाच दावा आमच्या शेजारच्या सत्यभामाकाकूचा. नवरा वारल्यावर तिच्या दिराने, सूर्यभानने, तिची म्हैस आपल्या गोठ्यात नेऊन बांधली. म्हैस काकूला बापाने आंदण दिलेली. तिच्या दुधावर अन् वांग्या-मिरच्यांच्या चार वाफ्यांवर काकूचे घर चालत होते.

केशवराव गावनात्याने तिचे भासरे, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावासारखे. रक्ताचे नाते नाही, त्यामुळे कायद्याची हरकत नव्हती. पण भासऱ्यापुढे सून तोंड उघडत नसे, त्याचे नाव घेत नसे. ते वाटेत दिसले की काकू डोक्यावरच्या पाटीसकट भिंतीकडे तोंड करून उभी राही. गावातल्या निम्म्या बायकांचे ते भासरे नाहीतर सासरे. तहसीलदारांनी हे विचारलेच नव्हते.

ओळख पटवायला म्हैस चावडीसमोर आणली होती. काकू हनुवटीपर्यंत पदर ओढून आत उभी.

"बोल बाई," केशवराव खाली पाहत म्हणाले. "म्हैस कोनाची?"

काकूने पदर आणखी खाली ओढला.

"घरी तं लय बोलते," सूर्यभान हसला. "आज कावून दातखीळ बसली?"

जयवंताआत्या गावची लेक, तिला कोणाचा पडदा नव्हता. "सत्यभामा मले सांगते, मी तुमाले सांगतो," ती म्हणाली.

"जयवंताबाई, दुसऱ्याच्या तोंडची फिर्याद चालत नाही."

"मंग तिचं तोंड तुमीच बांधलं, तुमीच सोडा!"

"म्या कुठं बांधलं?" केशवराव खरोखरच गोंधळले होते.

तेव्हा काकू वळली आणि तिने भिंतीला सगळे सांगितले. बापाने म्हैस कधी दिली, कपाळावर पांढरा ठिपका कसा, डावा कान कशाने फाटला. सगळ्या चावडीने ऐकले. सूर्यभानची मान खाली गेली.

केशवरावांनी लेखणी शाईत बुडवली. "ऐकलं म्या. पन हे तिनं भिंतीले सांगितलं, पंचाले नाही. काय लिवू?"

त्यांनी लिहिले, फिर्यादी बोलली नाही, दावा काढून टाकला. आणि उठले.

सूर्यभानने म्हशीचे दावे खुंट्यावरून सोडले. जाताना म्हैस काकूकडे पाहून रेकली. काकूने पदर मागे टाकला.

"केशवराव! म्हैस माही आहे!"

"निकाल झाला बाई," ते पाठमोरेच म्हणाले.

पुढे कितीतरी वर्षे गाव बोलत राहिले, सत्यभामाने भरचावडीत भासऱ्याचे नाव घेतले. माझी आईसुद्धा म्हणे, "असं नाव घ्या लागते का?" म्हैस कोणाची होती, हे मात्र मला आजवर कोणीही विचारलेले नाही.