दोन सव्वीस

सायकलचं मागचं चाक फाटलं तेव्हा मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? टीव्ही सेंटरच्या सिग्नलला ब्रेक दाबला, कडकन आवाज झाला, रिमची कड सोलून बाहेर आली आणि ट्यूब फुटली. मी फूटपाथवर बसले. डोक्यात एकच विचार आला, आज गारखेड्याला जायचं नाही.

गारखेड्याला, शहराच्या दुसऱ्या टोकाला, माझे वडील, सर्जेराव, एकटे राहतात. मी एकुलती लेक. आई गेल्यापासून त्यांच्या मागे लागले आहे, अण्णा, माझ्याकडे चला. पण लेकीच्या घरचं अन्नपाणी घ्यायचं नाही, हा त्यांचा नेम. कधी आलेच तर सोफ्याच्या कडेवर टेकतात आणि पाण्याचा तांब्या दिसला की उठतात. म्हणून रोज ऑफिस सुटलं की मी गिअरची जुनी सायकल दामटत तिकडे जाते. सायकल माझ्या मुलाची, सत्यमची. तो पुण्याला गेला, ही मागे राहिली. तिथे जाऊन भाकरी थापायच्या, वरण करायचं. पीठ त्यांचं, डाळ त्यांची, फक्त हात माझे. हात मात्र लेकीचे चालतात! मग परत येऊन घरचा स्वयंपाक. पन्नाशी आली, गुडघे बोलायला लागले, पण सांगायचं कुणाला?

त्या संध्याकाळी मी फोनवर सांगून टाकलं, "अण्णा, सायकलचं चाक गेलं. आता तुम्हीच या इकडं. मी थकले."

 त्यांनी विचारलं, "कंचं चाक?"

"मागचं."

"किती इंची?"

टायरवर होतं ते वाचून सांगितलं, "सव्वीस." त्यांनी फोन ठेवला. मला वाटलं, रुसले.

रविवारी सकाळी अण्णा दारात उभे! हातात पोतं, पोत्यात चाक. एसटीने थेट सोयगावला जाऊन आले होते. आई तिथे नर्स होती. ज्या लेडीज सायकलवर ती वाड्यावस्त्या फिरायची, ती पुतण्याच्या गोठ्यात पडून होती. तिचं मागचं चाक काढून, राखेने घासून, चकचकीत करून आणलं होतं.

"सव्वीसचंच हाय. तुझ्या आईचं. लई मजबूत," अण्णा म्हणाले.

मला भडभडून आलं आणि त्याच दमात संतापही आला. बाप सोयगावला जाऊन चाक आणतो, पण माझ्या घरी दोन घास खात नाही. म्हणजे मी रोज तिकडे जायचंच, त्यातून सुटका नाही.

आम्ही सायकल ढकलत सांडूच्या दुकानात गेलो. हा आमच्या गल्लीतला सायकलवाला. त्याने माझा टायर आईच्या रिमवर चढवायला घेतला. चढेचना.

"काका, ये नही बैठेगा. सव्वीस दोन असत्यात."

"दोन कशे? सव्वीस म्हंजे सव्वीस!"

"लेडीजचं सव्वीस मोठं, गिअरवालीचं ल्हान. नाव येकच, माप येगळं."

अण्णांना पटलं नाही. त्यांनी स्वतः उकिडवं बसून अंगठ्यांनी टायर रेटून पाहिला, अंगठे लाल होईपर्यंत. शेवटी हात पुसले आणि उठले. मला त्यांच्याकडे बघवेना.

सांडूने खिळ्याला टांगलेलं एक वापरलेलं पण धड चाक काढलं. जुन्या चाकावरची गिअरची दातेरी चाकं खोलून त्यावर बसवली, चेन चढवली आणि तारा पिळून पिळून चाक सरळ केलं. चाक गरगर फिरलं. मला आनंद व्हायला हवा होता. मनात आलं, झालं, उद्यापासून पुन्हा गारखेडा.

अण्णांनी माझं फाटलं चाक उचललं. रिमच्या कडेवरून बोट फिरवलं. कड आत वाटीसारखी खोल गेली होती.

"खड्ड्यात आदळलं व्हय?"

"नाय काका. ब्रेकनं घासलंय. रोज ब्रेक लागला की रोज थोडं घासतं. बघा ना, कागद झालाय निस्ता. लई चाललीय ही."

अण्णांचं बोट तिथेच थांबलं. "ही तर निस्ती माझ्याकडं येती," ते म्हणाले. माझ्याकडे न बघता.

परत निघालो. मी सायकल धरलेली, अण्णांच्या खांद्यावर आईचं चाक. रिक्षा स्टँडपाशी मी थांबले, त्यांना गारखेड्याची रिक्षा करून द्यायला. ते पुढे होईनात.

"सुले, तुझ्या गॅलरीत हे चाक ठिवाया जागा हाय का?"

"आहे की."

"अन् चाकासंगं मीबी आलो तर?"

इतकी वर्षं ज्याची वाट पाहिली ते असं रस्त्यात आलं, आणि माझ्या अंगात हसायचंही त्राण नव्हतं. खाट कुठे टाकायची, हेच डोक्यात आलं. मी नुसती मान डोलावली.

"पीठ माझं मी आणीन पर," अण्णा घाईघाईने म्हणाले.

"आणा," मी म्हटलं.

घरी आल्यावर त्यांनी चाक गॅलरीच्या भिंतीला टेकवलं आणि सोफ्याच्या कडेवर बसले. मी सवयीने तांब्या पुढे केला आणि सवयीने मागे घेणार होते. अण्णांनी तो हातातून घेतला, डोळे मिटले आणि घटाघटा पाणी प्यायले.