मागं राहिलेलीचं गाणं

दौंडच्या चर्चमधल्या गायन मंडळीला करुणाताईंनी यंदा आत्याचं गाणं शिकवायचं ठरवलं आणि तिथूनच त्यांच्या डोक्याला ताप सुरू झाला. गाणं नाताळचंच, पण कुणाला ठाऊक नसलेलं. शिरूरची आत्या भाकरी थापताना ते म्हणायची. देवदूताची वार्ता ऐकून सगळे मेंढपाळ बाळाला बघायला निघतात, एक बाई तेवढी मागं थांबते आणि म्हणते, ‘तुम्ही जावा बाळ बघाया, मी राखिते मेंढरं.’ आत्या गेली. आता आपल्याबरोबर गाणंही जाणार, या काळजीनं ताईंनी महिनाभर पोरापोरींकडून ते घोटून घेतलं.

पण घरोघरच्या फेरीत ज्या दारात जावं तिथं मागणी एकच, ते टाळ्यांचं इंग्रजी गाणं. पहिलं कडवं संपतंय न संपतंय तोच कुणीतरी चहाचा ट्रे घेऊन यायचं आणि म्हणायचं, ताई, ते नेहमीचं म्हणा की. मंडळीतली सायली वाटच बघत असायची. ती लगेच टाळ्या सुरू करायची. एकाही दारात आत्याचं गाणं शेवटापर्यंत पोचलं नाही. चहा पिऊन पिऊन ताईंना पित्त झालं ते वेगळंच.

फेरीला टेम्पो हनुमंतमामांचा. यवतला त्यांची फ्लॉवरची शेती. ताईंनी त्यांच्या मुलीला शाळेत शिकवलं, तेव्हापासून दर नाताळला ते टेम्पो घेऊन स्वतः हजर व्हायचे. यंदा त्यांनी मागं फ्लॉवरचे गड्डेही भरून आणले होते. नाताळच्या दिवशी चर्चच्या आवारात जेवण असायचं आणि त्याला वीटभट्टीवरची माणसंही यायची, त्या जेवणासाठी.

दिवस कलताना टेम्पो रेल्वे फाटकाशी अडकला. पुढं उसाच्या ट्रॉल्या, मागं कंपनीची बस. मालगाडी येईना आणि फाटक उघडेना. ताईंच्या मनात आलं, इथं कुणी चहा आणणार नाही. त्यांनी पोरांना खाली उतरवून ओळीत उभं केलं आणि सूर धरला. पहिलं कडवं झालं, दुसरं झालं. ट्रॉलीवरची माणसं माना वळवून ऐकत होती. सायलीसुद्धा नीट गात होती.

तेवढ्यात मामांनी टेम्पोचं फाळकं पाडलं आणि फ्लॉवर वाटायला सुरुवात केली. ट्रॉलीवाल्याला एक, बसमधल्या बायकांना खिडकीतून एकेक. हां हां म्हणता गर्दी झाली. ताई डोळे वटारून गात राहिल्या. शेवटचं कडवं आलं आणि मालगाडी आली. तिच्या खडखडाटात ताईंना स्वतःचाही आवाज ऐकू येईना. गाडी गेली, फाटक वर गेलं, टेम्पो रिकामा झाला होता.

“मामा, अहो, ते जेवणाचं होतं.”

“व्हय की. पण लोकं मोकळ्या हातानं ऐकत हुती, बरं दिसंना.”

ताईंनी पोरांना मागं चढवलं आणि त्या पुढं मामांशेजारी जाऊन बसल्या. मामांनी किल्ली फिरवली आणि विचारलं, “ताई, ती मागं राहिलेली बाई. तिला बाळ दिसलं का न्हाई शेवटाला? गाडीपायी ऐकूच आलं न्हाई.”

ताईंनी त्यांच्याकडं बघितलं. इतक्या दिवसांत हे कुणीच विचारलं नव्हतं. मागून बसवाला हॉर्न बडवत होता. ताईंचा घसा बसला होता, तरी त्यांनी ते कडवं म्हटलं. बाळाची आई बाळाला घेऊन दूरच्या मुलखाला निघते, वाटेत त्याच बाईच्या मेंढवाड्याशी थांबते आणि घोटभर दूध मागते.

“हां,” मामा म्हणाले. “मग बरं झालं.”

नाताळला त्यांनी फ्लॉवरच्या बदली वांगी आणली, तीही निम्मी किडकी. ताई सकाळभर चिडून निवडत बसल्या. पंगतीत मामा वाढता वाढता आत्याचं गाणं गुणगुणत होते आणि चाल पार भजनाची करून टाकली होती. ताईंनी दोनदा दुरुस्त केली, मग नाद सोडला.