मिरची एका वाक्यात वाळली

मी एक जुना रिमोट आहे. माझ्या पोटाला रबर बांधलेले आहे आणि थांबवायच्या बटणावरची खूण झिजून गेली आहे. मित्रांनो, माझी गोष्ट मला सांगता येईल की नाही, याची खात्री नाही. पण रनाळ्याच्या आमच्या घरी एक पत्र आले होते आणि आप्पांनी त्याला कितीतरी दिवस उत्तरच दिले नव्हते. तेथून सुरुवात करतो.

ईश्वर आप्पा गावच्या वाचनालयात काम करून निवृत्त झाले. ते बोलतात कमी, वाचतात फार. मी एका टीव्हीबरोबर खोक्यातून त्यांच्या घरी आलो, तेव्हा माझी सगळी बटणे चकचकीत होती. इतर घरांतल्या रिमोटांचे आवाजाचे बटण आधी झिजते. माझे थांबवायचे झिजले, कारण आप्पांना एक वेगळाच छंद होता. त्यांची मुलगी रंजिता पेनड्राइव्हवर सिनेमे आणून देई आणि आप्पा त्यांतल्या चुका शोधत. नायकाचा अर्धा प्यालेला चहा पुढच्या क्षणी काठोकाठ भरलेला. भिंतीवरचे घड्याळ मागे गेलेले. पट्टी डाव्या हातावरून उजव्या हातावर. अशी चूक सापडली की आप्पा मला हातात धरून हळूच हसत. मग मागे, पुन्हा पुढे, पुन्हा मागे.

"पुढे काय व्हयनं ते देखू द्या," नानीबाई, म्हणजे त्यांची बायको, वैतागून म्हणायची. "दोन तासना सिनेमा तुम्ही चार दिवस देखतस."

"तिच्या कानातले बदलले, नाने."

"बदलनं तर बदलनं. तिना नवराले दखास नही, तुम्हले बरं दखास."

तरीही ती उठून जात नसे. एकदा तर तिनेच एका मालिकेतल्या सासूची साडी पकडली. त्या दिवशी आप्पांनी मला तिच्या हातात दिले. तेवढा मान मला पुन्हा कधी मिळाला नाही.

मग ते पत्र आले. धानोऱ्याच्या शाळेत रंजिताबरोबर शिकवणाऱ्या चंदन सरांनी अहिराणीत एक छोटा सिनेमा केला होता. आप्पा फोनवर बोलत नाहीत, हे रंजिताने त्यांना सांगितले होते. म्हणून पेनड्राइव्हबरोबर पत्र. 'होळीच्या आधी गावात दाखवायचा आहे. लोक हसायला नकोत, म्हणून चुका कळवा. जिथे चूक असेल तो प्रसंग मी काढून टाकीन.'

आप्पांनी सिनेमा पाहिला. शेवटी नंदुरबारच्या मिरचीच्या पथारीवर एक आई बसली आहे. मैदानभर वाळत घातलेली लाल मिरची आणि कामासाठी सुरतेला निघालेला मुलगा. आई त्याला निरोप देते. आप्पांनी मला दाबले, सोडले, पुन्हा दाबले. वाक्य सुरू होताना मिरची रसरशीत होती, संपताना सुरकुतलेली. आधी मनगटाशी घट्ट बसलेल्या बांगड्या शेवटी हात उचलताच कोपरापर्यंत घसरल्या होत्या.

त्या दिवशी आप्पा हसले नाहीत. सबंध सिनेमात तोच प्रसंग सर्वांत चांगला होता. कळवले तर तो जाणार. न कळवले तर सरांना फसवल्यासारखे होणार. शिवाय, आपण सांगणारे कोण, हा त्यांचा नेहमीचा प्रश्न होताच. ते लिहायला बसत आणि कागद फाडून टाकत. रंजिता विचारी, "आप्पा, सरांना काय सांगू?" आप्पा वर्तमानपत्र उघडत. होळी जवळ येत होती.

पण मिरची एका वाक्यात वाळली कशी, हे कोडे त्यांना स्वस्थ बसू देईना. एका सकाळी त्यांनी सदरा घातला आणि नंदुरबारची एसटी पकडली. चष्म्याचे घर समजून त्यांनी खिशात मला घातले होते. अशा रीतीने मी पहिल्यांदा घराबाहेर पडलो.

पथारीवर पोचताच तिखट ठसक्याने आप्पांना शिंका सुटल्या. रुमाल काढताना मी मिरच्यांत पडलो. देठ खुडत बसलेल्या एका बाईने मला उचलले.

"टीव्ही घर ऱ्हायना का काय, बापू?"

आप्पांनी तिला ओळखले. सिनेमातली आई हीच होती. तिचे नाव धनुबाई, चंदन सरांची आत्या. आप्पांनी अडखळत मिरचीचे विचारले.

"अर्धं बोलनं व्हयनं आनि माले ताप उना," ती म्हणाली. "बरी व्हयीसन उनू, तवलगून मिरच्या वाळी गयात. चंदन म्हने, आत्या, ऱ्हाऊ दे, दुसरी बाई उभी करसू. मी म्हन्तं, मन्हा पोऱ्याले मीच वाटे लावसू."

"आणि बांगड्या?"

"बांगड्या त्याच शेतस, बापू. हात बदलना."

आप्पांनी तिच्या बारीक झालेल्या मनगटाकडे पाहिले.

"शहादाथून मन्ही बहीन ई ऱ्हायनी सिनेमा देखाले," धनुबाई मला त्यांच्या हातात देत म्हणाली. "तिले पटत नही, मी सिनेमामा बोलनू म्हनीसन."

तेथून आप्पा थेट पोस्टात गेले. आंतरदेशीय पत्र घेऊन उभ्याउभ्याच लिहू लागले. पंख्याने कागद उडत होता, म्हणून त्यांनी मला त्यावर ठेवले. मी सगळे वाचले. 'चूक आहे. मिरची वाळली आहे आणि बांगड्या घसरल्या आहेत. तरी प्रसंग काढू नये, असे मला वाटते. आत्यांनी आजारपणानंतर तो पुरा केला, ते त्यात दिसते. लोक हसले तर हसू द्यावे. मी पहिल्या रांगेत बसेन.' शेवटी त्यांनी 'माझे चुकत असेल' असे लिहिले आणि लगेच खोडले.

मित्रांनो, चुका जरूर शोधा. त्यात मजा आहे. पण एखादी चूक पुसायला निघालात, तर ती कशी झाली हे आधी कोणाला तरी विचारा. आणि आम्हां जुन्या वस्तूंना वेळच्या वेळी नवे सेल घाला, एवढे मागणे.

आप्पांनी पत्राच्या कडा चिकटवल्या. पेटीपाशी ते थोडे थांबले. मग त्यांनी पत्र आत सोडले आणि नीट पडले का, हे पाहायला फटीत वाकून बघितले.